ल्यूथरच्या घरची बिअर

ख्रिस्ती माणूस आणि दारू यांच्याविषयी मराठी मनात दोन चित्रे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पहिले चित्र हिंदी सिनेमाने दिले: गळ्यात क्रूस, हातात बाटली, तोंडी मोडकेतोडके हिंदी आणि स्वभावाने भला असा कुणी डिसूझा किंवा फर्नांडिस. दुसरे चित्र अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांचे. तिथे दारूला उंबऱ्याच्या आत थारा नाही. कित्येक मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या विधीतही वाइनऐवजी न आंबवलेला द्राक्षरस दिला जातो. पहिले चित्र चेष्टेचे, दुसरे अभिमानाचे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: माणूस पितो की पीत नाही, यावरून त्याच्या धर्माची परीक्षा होते.

ही समजूत ज्या परंपरेला मुळातच मान्य नव्हती, त्या परंपरेविषयी हा लेख आहे. मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात युरोपातल्या ख्रिस्ती धर्माची उभी फाळणी घडवली. त्याच्या पंथात बिअरला कोणते स्थान मिळाले, ते कुणाच्या कष्टांवर मिळाले आणि त्याच प्रॉटेस्टंट पंथांची एक शाखा आपल्याकडे येईपर्यंत कडक मद्यनिषेधी कशी झाली, हे मला समजून घ्यायचे होते. जर्मनीतल्या फ्रँकोनिया भागात एका उन्हाळ्यात काही आठवडे राहण्याचा योग आला आणि पुस्तकात वाचलेला हा प्रश्न तिथे लाकडी बाकावर समोर येऊन बसला. त्या बाकाकडे पुढे येईनच. आधी दंतकथा बाजूला सारायला हव्यात, कारण या विषयावर त्यांचे तण फार माजले आहे.

तीन दंतकथा

पहिली दंतकथा एका दोन ओळींच्या पद्याची. वाइन, स्त्री आणि गाणे यांवर ज्याचे प्रेम नाही तो जन्मभर मूर्खच राहतो, अशा अर्थाचे हे पद्य ल्यूथरच्या नावावर जगभर खपते. जर्मनीतल्या जुन्या खानावळींच्या भिंतींवर ते रंगवलेलेही दिसते. मात्र ते छापील स्वरूपात प्रथम दिसते १७७५ साली, ल्यूथरच्या मृत्यूनंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी. त्याच्या लेखनात ते कुठेही नाही. आपल्याकडे कुठलाही चटकदार अभंग तुकोबांच्या नावावर चढतो, तसाच हा प्रकार.

दुसरी दंतकथा शुद्धतेच्या कायद्याची. बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे एक हुकूम काढला. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही घालू नये, असा तो हुकूम होता. ल्यूथरचे प्रबंध जाहीर झाले ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी. तारखा जवळजवळ आहेत म्हणून या दोन घटनांना एकाच माळेत ओवण्याचा मोह अनेकांना होतो. पण हुकूम काढणारे दोन्ही ड्यूक शेवटपर्यंत कॅथलिक राहिले. त्यांना बिअरच्या किमतीवर नियंत्रण हवे होते. धर्माचा या हुकुमाशी संबंध नव्हता.

तिसरी दंतकथा अधिक हुशार आहे. हॉप्स म्हणजे वेलीवर येणारी शंकूच्या आकाराची फुले. बिअरला कडवटपणा त्यांच्यामुळे येतो आणि ती टिकतेही त्यांच्यामुळेच. त्याआधी 'ग्रुट' नावाचे वनौषधींचे मिश्रण वापरत आणि ते विकण्याचा हक्क अनेक ठिकाणी बिशपांकडे किंवा मठांकडे असे. त्यामुळे प्रॉटेस्टंट लोकांनी पोपचा कर चुकवण्यासाठी हॉप्स जवळ केले आणि कडू बिअर ही एक प्रकारची धर्मक्रांतीच होती, असे लोकप्रिय पुस्तकांत लिहिलेले असते. वाचायला हे छान वाटते. पण बिंगेनच्या हिल्डेगार्ड या मठाध्यक्षेने बाराव्या शतकातच हॉप्सच्या टिकाऊपणाची नोंद केली आहे आणि ब्रेमेन, हँबुर्ग, आइनबेक ही उत्तर जर्मन शहरे ल्यूथरच्या जन्माआधी कित्येक पिढ्या हॉप्सची बिअर परगावी पाठवत होती. ल्यूथर दारावर खिळा ठोकत होता असे मानले, तरी त्या वेळी हॉप्सने आपली लढाई केव्हाच जिंकलेली होती.

मग ल्यूथरने बिअरच्या बाबतीत बदलले तरी काय? पेय बदलले नाही, कृती बदलली नाही. बदलली ती तिची जागा. मठाच्या तळघरातून ती गृहस्थाच्या तळघरात आली.

मठाचे तळघर

मध्ययुगातला मठ ही केवळ प्रार्थनेची जागा नव्हती. शेती, गिरणी, मासळीचे तळे, बेकरी आणि बिअरची भट्टी असा तो सारा कारखाना असे. बिअर ही चैन नव्हती, ते अन्न होते. दाट, पौष्टिक आणि बार्लीचा कस उतरलेली म्हणून तिला पातळ भाकरीच म्हणत. उपवासाच्या दिवसांत घन अन्न वर्ज्य, पण द्रव चाले. त्यामुळे ऐन उपवासासाठीच भरभक्कम बिअर बनवण्याची रीत मठांत रुजली. म्युनिकच्या पाउलानर भिक्षूंची उपवासाची कडक बिअर पुढे सतराव्या शतकात प्रसिद्ध झाली. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्या समाजात जन्मली, त्याला ही युक्ती समजावून सांगायची गरज नाही.

बिअर बनवण्याची कृती थोडक्यात अशी. बार्ली भिजवायची, मटकीला आणतो तसे मोड आणायचे, मग भट्टीवर वाळवून भरडायची. भरड गरम पाण्यात मुरवली की धान्यातला गोडवा पाण्यात उतरतो. ते गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर उकळायचे, निववायचे आणि मागच्या खेपेचे यीस्ट विरजणासारखे घालून आंबू द्यायचे. पहिल्या पाण्याची बिअर जोरकस. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतले की निघते ती पातळ, सौम्य बिअर. हिला जर्मनीत 'कोफेंट' म्हणत. हा शब्द मठवाचक 'कोन्व्हेंटुस' या लॅटिन शब्दावरून आला. वरिष्ठांना पहिले पाणी आणि बाकीच्या मठाला दुसरे, असा त्यातला अर्थ. रोजच्या जेवणात लहानथोर सगळे जी बिअर पीत, ती बहुधा ही. आपल्याकडच्या आंबिलीशी तिचे नाते दारूपेक्षा जवळचे आहे.

काटारिनाबाईंचा संसार

१५२३ सालच्या ईस्टरच्या रात्री निम्बशेन येथील सिस्टर्शियन मठातून बारा जोगिणी पळाल्या. त्यांना बाहेर काढणारा लेओनहार्ड कोप्पे हा टोरगाऊचा व्यापारी. खारवलेल्या मासळीची पिंपे वाहणाऱ्या गाडीतून त्यांची सुटका झाली, असे परंपरा सांगते. त्यांपैकी नऊ जणी विटेनबर्गला पोहोचल्या आणि त्यांत चोवीस वर्षांची काटारिना फॉन बोरा होती. १३ जून १५२५ रोजी तिने ल्यूथरशी लग्न केले. माजी भिक्षू आणि माजी जोगीण यांचे हे लग्न म्हणजे त्या काळी महापातकच. दोन आठवड्यांनी जाहीर मेजवानी झाली. तिच्यासाठी ल्यूथरने त्याच कोप्पेला टोरगाऊच्या उत्तम बिअरचे पिंप आणायला सांगितले आणि ती चांगली निघाली नाही तर सगळी तुलाच प्यावी लागेल, अशी थट्टाही केली.

या थट्टेला पार्श्वभूमी मात्र भीषण होती. लग्नाच्या महिनाभर आधी, १५ मे १५२५ रोजी, फ्रांकनहाउझेनला बंडखोर शेतकऱ्यांची कत्तल झाली होती आणि राजांनी त्यांना निर्दयपणे चिरडावे असे लिहून ल्यूथर मोकळा झाला होता. आनंदी, बिअरप्रेमी ल्यूथरचे चित्र रंगवणारे हे पान सहसा उलटून पुढे जातात. त्या मेजवानीच्या टेबलाभोवती कोण नव्हते, हेही इतिहासात लिहायला हवे.

नवऱ्याकडे पुस्तकांचे मानधन नव्हते, कारण ते तो घेतच नसे. राहायला होते विटेनबर्गचे ओस पडलेले ऑगस्टिनियन मठाचे आवार. इलेक्टर योहानने १५३२ साली ते ल्यूथर कुटुंबाला रीतसर दिले आणि त्याबरोबर बिअर बनवण्याचा व विकण्याचा हक्कही दिला. तेव्हा बिअर बनवण्याचा हक्क व्यक्तीला नसे, घराला चिकटलेला असे. अशा रीतीने भिक्षूंची भट्टी एका बाईच्या ताब्यात आली.

त्या घरात काटारिनाने काय केले, याची यादी वाचूनच दमायला होते. स्वतःची सहा मुले, नात्यातली अनाथ पोरे, पैसे भरून राहणारे विद्यार्थी, देशोदेशींचे पाहुणे, धर्मछळातून पळून आलेले आश्रित. त्यासाठी डुकरे, गाई, कोंबड्या, मासळीचे तळे, बाग, पुढे १५४० साली घेतलेली त्स्यूल्सडोर्फची शेती, आणि बिअर. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांच्या सांध्यावर या आवारात झालेल्या उत्खननांत घरच्या कचऱ्याचे ढीग सापडले. त्यांतली हाडे, भांडी आणि काच हा संसार किती मोठा होता याची साक्ष देतात. ल्यूथर तिला थट्टेने 'काटारिनाराव' म्हणावे तसे पुल्लिंगी संबोधन लावी. थट्टा होती, पण घर कोण चालवते याची ती कबुलीही होती.

जुलै १५३४ मध्ये ल्यूथर डेसाऊला होता. तिथून त्याने बायकोला लिहिले की इथली बिअर घशाखाली उतरत नाही आणि घरी किती चांगली बिअर आहे याची आठवण येते. घरच्या तळघरातली वाइन आणि तुझ्या हातची बिअर पाठव, अशीही त्याची मागणी होती. हे पत्र प्रेमाचे म्हणून वारंवार सांगितले जाते आणि ते आहेच. मला मात्र त्यात एक हिशेब दिसतो. ल्यूथरच्या जेवणाच्या टेबलावरची संभाषणे विद्यार्थ्यांनी टिपून ठेवली आणि १५६६ साली योहानेस आउरिफाबरने ती ग्रंथरूपाने छापली. तो ग्रंथ आज जगभर वाचला जातो. त्या टेबलावरची बिअर जिने बनवली, तिच्या स्वतःच्या हातची पत्रे मोजून थोडी उरली आहेत. बोलणे ग्रंथालयात गेले, बिअर पिऊन संपली.

इथे ल्यूथरच्या शिकवणुकीचा गाभा लागतो. त्याचे म्हणणे असे की भिक्षूची प्रार्थना आणि मोलकरणीचे झाडणे यांत देवाच्या दृष्टीने उच्चनीच नाही. उपवासाने पुण्य मिळत नाही आणि खाण्यापिण्याने ते नासतही नाही. आपल्याकडे सावता माळ्याने कांदा-मुळा-भाजीत विठ्ठल पाहिला, तीच ही दिशा. बिअर यात पवित्र झाली नाही. ती साधी झाली, भाकरीसारखी. आणि साधी झाली म्हणूनच तिच्यावरून धर्माची परीक्षा घेणे संपले.

काटारिनाच्या आयुष्याचा शेवट टोरगाऊलाच झाला. ल्यूथर १८ फेब्रुवारी १५४६ रोजी वारला. मृत्युपत्रात त्याने, त्या काळच्या सॅक्सन कायद्याच्या रिवाजाविरुद्ध, बायकोला वारस केले होते. पण लगेच युद्ध पेटले, शेती उद्ध्वस्त झाली. १५५२ साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला, म्हणून मुलांना घेऊन ती निघाली. वाटेत घोडे उधळले, ती गाडीतून पडली आणि २० डिसेंबर रोजी टोरगाऊत तिने प्राण सोडला. जिथून तिच्या लग्नाची बिअर मागवली होती, त्या गावच्या चर्चमध्ये तिची कबर आहे.

दारुडा सैतान

ल्यूथरने पिण्याला मोकळीक दिली म्हणून त्याला पिण्याचे दुष्परिणाम दिसत नव्हते, असे मात्र नाही. प्रत्येक देशाचा एक स्वतःचा सैतान असतो आणि जर्मनीचा सैतान म्हणजे ढोसणे, असे त्याने १५३४ सालच्या स्तोत्र-विवरणात लिहिले. १५३९ साली त्याने संयमावर खास प्रवचन दिले. कष्टाने थकलेल्या, खचलेल्या माणसाला एखादा घोट जास्त झाला तर समजून घेता येईल, पण रात्रंदिवस ढोसत बसणे हे माणसाचे नव्हे, असा त्याचा आशय होता. पाद्रीच पितात तर लोकांना काय सांगणार, ही तक्रारही त्या काळच्या चर्च-तपासण्यांच्या कागदपत्रांत वारंवार दिसते.

आणखी एक गंमत आहे. १५२० सालच्या जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात ल्यूथरने चर्चच्या वर्धापनदिनाच्या जत्रा बंदच करून टाकाव्यात अशी मागणी केली. त्या आता देवाच्या राहिल्या नाहीत, गुत्ते, बाजार आणि जुगाराचे अड्डे झाल्या आहेत, हे त्याचे कारण. गावोगावच्या जत्रांतल्या पशुबळींवर आणि दारूवर आपल्या कीर्तनांतून कोरडे ओढणाऱ्या गाडगेबाबांची इथे आठवण व्हावी. जत्रेने मात्र दोघांनाही दाद दिली नाही. तमाशा, कुस्त्या आणि मटणाचे जेवण यांनी आमच्या जत्रा चालू आहेत. फ्रँकोनियातली 'किर्खवाय', बोलीत 'केर्वा', तीही चालू आहे आणि ल्यूथरच्याच अनुयायांच्या गावांत ती सर्वांत जोमात आहे.

केर्वाच्या मांडवात

फ्रँकोनियाचा धार्मिक नकाशा गोधडीसारखा आहे. कुल्मबाख-बायरॉइटच्या मार्ग्रेव्हने १५२८ साली ल्यूथरचा पंथ स्वीकारला. शेजारचे बांबेर्ग बिशपच्या सत्तेखाली कॅथलिकच राहिले. त्यामुळे एक गाव ल्यूथरन, पुढचे कॅथलिक, त्यापुढचे पुन्हा ल्यूथरन असा प्रवास होतो. बिअर मात्र दोन्हीकडे सारखीच. आउफ्सेस नावाच्या गावपंचायतीत दीड हजारांच्या आत वस्ती आणि चार ब्रुअऱ्या आहेत. लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक ब्रुअऱ्या म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. पुण्यात २००९ साली डूलालीने सुरुवात केल्यापासून आपण ज्याला क्राफ्ट बिअर म्हणू लागलो, तिला इथे वेगळे नाव नाही. गावची बिअर, एवढेच. ती पिढ्यानपिढ्या डोंगरात कोरलेल्या थंड तळघरांत मुरवली जाई आणि त्या तळघरांच्या माथ्यावर झाडांखाली बाक टाकून प्यायली जाई. म्हणून इथला माणूस बिअर प्यायला निघाला की अजूनही 'तळघरावर जातो' असेच म्हणतो.

अशाच एका ल्यूथरन गावच्या केर्वाला मी गेलो. चौकात उंच सुरूसारखे झाड सोलून, शेंड्याला हिरवा तुरा ठेवून उभे केले होते. रविवारची उपासना चर्चमध्ये नव्हती, मांडवात होती. काळा झगा घातलेल्या पाद्रीणबाई व्यासपीठावर आणि मागे गावकऱ्यांचाच पितळी वाद्यांचा ताफा. हे पितळी ताफे ल्यूथरन मंडळ्यांचे खास वैशिष्ट्य. त्यात शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा शेजारी शेजारी बसून वाजवतात. लांब टेबलांवर स्तोत्रांची पुस्तके आणि बिअरच्या मगांखाली ठेवायचे गोल पुठ्ठे एकत्रच पडलेले होते. त्याचे कुणाला काही वाटत नव्हते. आशीर्वाद झाला, शेवटचे स्तोत्र संपले, आणि मगच पिंपाला तोटी ठोकली गेली. पहिला मग पाद्रीणबाईंना मिळाला.

बिअर तांबूस, न गाळलेली, किंचित गढूळ, चवीला भाजलेल्या पावासारखी. मी अर्धा लिटरचा दगडी मग हळूहळू प्यायलो. मराठी माणसाला चर्चच्या उपासनेनंतर चर्चच्याच मांडवात बिअर पिताना जी चोरटी भावना होते, ती ओसरायला तेवढा वेळ लागला.

माझ्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ होते. त्यांच्या हातातही तसाच दगडी मग होता, पण त्यात सफरचंदाचा रस होता. मी भारतातून आलो आणि या विषयावर वाचतो आहे, हे कळल्यावर त्यांनी आपणहून सांगितले, "मी बावीस वर्षे प्यायलेलो नाही. दर गुरुवारी आमच्याच चर्चच्या खोलीत आम्ही सात-आठ जण बसतो."

"मग इथे येणे अवघड जात नाही?" मी विचारले.

"पहिली चार वर्षे आलो नाही," ते म्हणाले. "नंतर पाद्रीणबाईंच्या आधीच्या पाद्र्यांनी घरी येऊन सांगितले, तुमच्यावाचून एक बाक रिकामा राहतो. तेव्हापासून येतो. मग सगळ्यांसारखाच देतात. आत काय आहे ते देणाऱ्याला माहीत असते."

व्यसनमुक्तीसाठी झटणारी 'ब्लू क्रॉस' ही संस्था लुई-ल्युसियाँ रोशा या पाद्र्याने १८७७ साली जिनिव्हात सुरू केली आणि जर्मन प्रॉटेस्टंट चर्चमध्ये तिचे काम आजही चालते. आज अनेक जर्मन मंडळ्यांत प्रभुभोजनात द्राक्षरसही देतात. पेल्यातल्या वाइनच्या घोटामुळे कुणाला वेदीपासून दूर राहावे लागू नये, हे त्यामागचे कारण. नगरच्या मंडळीतला द्राक्षरस आणि फ्रँकोनियातला द्राक्षरस दिसायला एकच आहे, पण तिथवर पोहोचण्याच्या वाटा निराळ्या. एकीकडे तो नियम म्हणून आला, दुसरीकडे शेजाऱ्याची सोय म्हणून.

समुद्रापलीकडे दुफळी

ही वाट निराळी का झाली, याचे उत्तर अमेरिकेत सापडते. एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेले जर्मन ल्यूथरन आपली बिअर आणि रविवारच्या बागा घेऊन गेले. दारूबंदीची चळवळ उभी राहिली, तेव्हा त्यांच्या मिसुरी सिनडसारख्या संस्थांनी तिला विरोध केला. सुवार्तेचे काम पोलिसांकडे देऊ नका, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण स्कँडिनेव्हियातून आलेले ल्यूथरन भक्तिमार्गी आणि मद्यनिषेधाकडे झुकलेले होते. अमेरिकन दारूबंदीचा १९१९ सालचा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते अँड्र्यू व्होल्स्टेड हे मिनेसोटातल्या नॉर्वेजियन ल्यूथरन घरातले. त्यांनी पाद्री व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती. पहिल्या महायुद्धातल्या जर्मनद्वेषाने या चळवळीला बळ दिले, कारण मिलवॉकीच्या ब्रुअऱ्यांवर जर्मन नावे होती. दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. एकच ल्यूथर वाचणारे लोक बिअरच्या बाबतीत दोन्ही बाजूंना उभे होते, हे त्यातून ध्यानात ठेवायचे.

मराठी मुलखात ल्यूथरन फारसे आलेच नाहीत. भारतात पहिले ल्यूथरन मिशनरी ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीला उतरले, तेव्हा आसपासच्या तंजावर राज्यावर भोसले घराण्यातले शहाजी राजे होते. पुढे सरफोजी दुसरे यांच्या शिक्षणाची काळजी ल्यूथरन मिशनरी श्वार्ट्झने घेतली आणि सरफोजींनी, स्वतः हिंदूच राहून, त्याचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समनकडून करवून घेतले. पण त्या मिशनचे बळ तमिळ, तेलुगू आणि छोटा नागपूर या भागांत राहिले. आपल्याकडे १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आले ते न्यू इंग्लंडचे अमेरिकन मिशनरी, मद्यनिषेधाच्या चळवळीत वाढलेले. न आंबवलेला द्राक्षरस टिकवण्याची युक्तीही अमेरिकेचीच. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली ती प्रभुभोजनासाठी शोधली. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. तिथे फ्रान्सिस विलार्ड यांच्या स्त्रियांच्या मद्यनिषेधी संघटनेने त्या प्रभावित झाल्या आणि १८८९ सालच्या आपल्या मराठी प्रवासवृत्तातून त्यांनी ती मराठी वाचकांपुढे ठेवली.

पण मराठी ख्रिस्ती माणसाने दारू सोडली, ती केवळ मिशनऱ्याने सांगितली म्हणून, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. दारू इथे भाकरीसारखी कधीच नव्हती. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्याने मोहाची दारू आणि ताडी सरकारच्या मुठीत आणली. गाव बुडाला तरी तिजोरी भरत होती. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून गुत्त्यांना विरोध केला. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या कार्यकर्त्यांनी पुण्यात दुकानांवर पहारे बसवले. फुले आणि टिळक यांचे एकमत व्हावे असे विषय थोडे, त्यांतला हा एक. आमच्या तालुक्यात 'आडवी बाटली'साठी मतदान झाले, तेव्हा माझी मावशी त्या रांगेत उन्हात तीन तास उभी होती. तिला धर्मशास्त्राशी कर्तव्य नव्हते. नवऱ्याचा पगार घरी यावा, एवढेच हवे होते.

म्हणून 'बघा, ते लोक किती मोकळे आणि आपण किती सोवळे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. काटारिनाबाईंनी भट्टी आपल्या हाती घेतली आणि मावशीने बाटली आडवी केली. वरवर ही परस्परविरुद्ध कामे. पण दोघींच्या बाबतीत प्रश्न एकच होता: घरात येणारे पेय कुणाच्या ताब्यात आहे? विटेनबर्गला ते घरातच बनत होते, घरच्या टेबलावर मुलेबाळे, पाहुणे, आश्रित यांच्यासमोर प्यायले जात होते आणि त्याचा हिशेब घरधनीण ठेवत होती. आपल्याकडे ते ठेकेदाराकडून येत होते, घराबाहेर अंधारात प्यायले जात होते आणि हिशेब सरकार ठेवत होते. पहिल्या ठिकाणी मोकळीक परवडली. दुसऱ्या ठिकाणी बंदी हीच घर वाचवण्याची एक वाट उरली.

ल्यूथरचे वचन इतिहासाने जपून ठेवले आणि काटारिनेची बिअर विसरली. पण त्याच्या शिकवणुकीची कसोटी त्याच्या प्रवचनांपेक्षा तिच्या तळघरात जास्त लागली. मगात काय आहे यावरून माणसाला जोखू नका, हे सांगायला एक ओळ पुरते. ते खरे करण्यासाठी मात्र कुणीतरी बार्ली भिजवावी लागते, मोड आलेत का ते पहावे लागते, रात्री उठून भट्टी बघावी लागते आणि टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला काय चालते व काय चालत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. धर्मसुधारणेच्या इतिहासात हे काम करणाऱ्यांची नावे शोधायला गेले, तर त्यांची यादी ल्यूथरच्या ग्रंथसूचीपेक्षा लांब भरेल.